मुलाच्या वतीने बोलायचे कुणी?

कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलाला औषधांइतकीच गरज असते ती त्याची बाजू मांडणाऱ्या आईवडिलांची. लखनौच्या रुग्णालयांत ही गोष्ट रोज प्रत्ययाला येते.

लखनौ म्हटले की मराठी माणसाला पंडित भातखंडे आठवतात. १९२६ साली त्यांच्या पुढाकाराने तिथे सुरू झालेले संगीत विद्यालय आठवते, नवाबांचे इमामबाडे आठवतात आणि चिकनचे नाजूक भरतकामही. पण भल्या पहाटे चारबाग स्थानकावर उतरणाऱ्या गर्दीत काहीजण असे असतात, की ज्यांना यातले काहीच पाहायचे नसते. एका हातात एक्स-रे आणि तपासण्यांच्या कागदांची पिशवी, दुसऱ्या हाताने सावरलेले, खांद्यावर मान टाकून झोपलेले मूल. रिक्षावाल्याला ते दोनच शब्द सांगतात, ‘मेडिकल कॉलेज’.

हे मेडिकल कॉलेज म्हणजे किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय. १९०५ साली त्याची पायाभरणी झाली, १९११ पासून तिथे शिक्षण सुरू झाले आणि २००२ मध्ये त्याचे विद्यापीठ झाले. रायबरेली रस्त्यावर १९८३ च्या कायद्याने स्थापन झालेली संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था आहे. याखेरीज खास कर्करोगासाठी उभारलेली आणि २०२१ मध्ये कल्याणसिंग यांचे नाव दिलेली संस्थाही आहे. २०११ च्या जनगणनेनुसार वीस कोटींच्या घरात लोकसंख्या असलेल्या या राज्यात गंभीर आजार झाला, की बहराइच, गोंडा, सीतापूर, गोरखपूर इथली माणसे लखनौची वाट धरतात. नेपाळच्या सीमेकडूनही रुग्ण येतात.

मुलांना होणारा कर्करोग हा मोठ्यांच्या कर्करोगापेक्षा वेगळा. तंबाखूसारख्या सवयींशी त्याचा संबंध नसतो आणि उपचारांना तो पुष्कळदा चांगला प्रतिसाद देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुले व किशोरवयीनांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत मात्र हे प्रमाण ३० टक्क्यांपेक्षाही कमी आहे. आजार तोच, औषधेही बहुतांशी तीच. मग फरक कुठे पडतो? निदान उशिरा होते किंवा चुकते, उपचार परवडत नाहीत वा मिळत नाहीत आणि सुरू झालेले उपचार अर्ध्यावर सुटतात. यातले सगळे काही आईवडिलांच्या हाती नसते. पण जे असते, तेही थोडेथोडके नाही.

उशाशी बसणे वेगळे, बाजू मांडणे वेगळे

इंग्लंडमध्ये एके काळी आजारी मुलाला रुग्णालयात दाखल केले, की आईने घरी परत जायचे अशीच रीत होती. भेटीच्या वेळा अगदी मोजक्या असत. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये आईविना रुग्णालयात राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट काढला, तेव्हा ते दुःख पाहून अनेकजण हेलावले. १९५९ च्या प्लॅट समितीने आईवडिलांना मुलांना मुक्तपणे भेटू द्यावे अशी शिफारस केली. तरी रुग्णालये लगेच बदलली नाहीत. मग १९६१ मध्ये लंडनच्या बॅटरसी भागातल्या आयांनी संघटना काढली आणि मुलाजवळ राहण्याच्या हक्कासाठी चिकाटीने पाठपुरावा केला.

आपल्याकडे या हक्कासाठी कुणाला झगडावे लागले नाही, कारण नातेवाइकांशिवाय आपला वॉर्ड चालतच नाही. लखनौत रुग्णासोबतच्या माणसाला ‘तीमारदार’ म्हणतात. औषधे आणणे, रक्ताची सोय करणे, नमुने प्रयोगशाळेत पोहोचवणे, मुलाला पुसणे-भरवणे, सलाइन संपत आले की सिस्टरना हाक मारणे, ही सगळी कामे तीमारदाराचीच. रात्री तोच कॉटखाली किंवा रैनबसेऱ्यात पाठ टेकतो.

पण उशाशी बसायला मिळणे आणि आपले म्हणणे ऐकले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या आईने मुलाच्या तोंडात चमचा चमचा पाणी घातले, तिला ‘आज तो कालच्यासारखा नाही’ हे कुणाच्याही आधी कळते. राउंडच्या वेळी मात्र तीच भिंतीला टेकून गप्प उभी राहते.

अशा गप्प बसण्याची, किंवा बोलूनही न ऐकले जाण्याची किंमत किती मोठी असू शकते, याचे उदाहरण प्रगत देशातलेच आहे. २०२१ मध्ये लंडनमध्ये मार्था मिल्स ही १३ वर्षांची मुलगी रक्तात जंतुसंसर्ग पसरून दगावली. तिला कर्करोग नव्हता. सायकलवरून पडल्याने स्वादुपिंडाला इजा झाली होती. तिची प्रकृती खालावते आहे हे आईवडील सांगत होते. वेळेवर अतिदक्षता विभागात हलवले असते तर बहुधा ती वाचली असती, असा निष्कर्ष पुढे चौकशीत निघाला. तिच्या आईवडिलांनी प्रश्न लावून धरला आणि २०२४ पासून इंग्लंडच्या रुग्णालयांत ‘मार्थाचा नियम’ लागू होऊ लागला. रुग्ण बिघडतो आहे असे घरच्यांना वाटले, तर ते दुसऱ्या तज्ज्ञ पथकाला तातडीने बोलावू शकतात. आईची शंका हीसुद्धा वैद्यकीय माहितीच आहे, हेच या नियमाने मान्य केले.

पहिली कसोटी घरातच

आईवडिलांची कसोटी रुग्णालयाची पायरी चढण्याआधीच सुरू होते. तीन-तीन आठवडे हटत नाही असा ताप, वाढता फिकेपणा, मार न लागता उमटणारे काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त, हाडे दुखतात म्हणून लंगडणे, मानेत किंवा काखेत वाढत जाणारी गाठ, पोटाला लागणारा कठीण गोळा, सकाळी उठताच डोकेदुखी आणि उलटी, फोटोत डोळ्याच्या बाहुलीत दिसणारी पांढरी चमक. यातले प्रत्येक लक्षण म्हणजे कर्करोगच असे मुळीच नाही. बहुतेक वेळा कारण साधेच निघते. पण साधे म्हणून दिलेल्या औषधाने फरक पडत नसेल, तर पुढची तपासणी मागायलाच हवी. टायफॉइड समजून किंवा मानेतली गाठ क्षयाची समजून महिनोन्महिने औषधे घेतली आणि खरा आजार हाताबाहेर गेला, असे आपल्या देशात पुष्कळदा घडते.

अभिनेता इम्रान हाश्मी याच्या चार वर्षांच्याही आतल्या मुलाला २०१४ च्या जानेवारीत लघवीतून रक्त गेले. लगेच तपासण्या झाल्या, मूत्रपिंडाचा विल्म्स ट्यूमर निघाला, शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाली. पाच वर्षांनी, २०१९ मध्ये, मुलगा रोगमुक्त असल्याचे वडिलांनी जाहीर केले. हाश्मीपाशी पैसा आणि ओळखी होत्या, हे खरेच. पण ‘उद्या बघू’ म्हटले नाही, हा त्यातला भाग कुठल्याही घराला जमण्यासारखा आहे.

एक वही आणि चार प्रश्न

समजा, बहराइचजवळच्या एखाद्या गावातली आई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन लखनौला आली आहे. मुलाला रक्ताचा कर्करोग आहे, मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. उपचार साधारण दोन ते तीन वर्षे चालणार. या काळात निवासी डॉक्टर बदलतील, पाळीप्रमाणे सिस्टर बदलतील, वॉर्ड बदलेल. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत मुलासोबत असणारी एकच व्यक्ती म्हणजे आई किंवा वडील. म्हणून उपचारांचा धागा त्यांच्याच हातात राहायला हवा.

त्यासाठी दहा-वीस रुपयांची वही पुरते. तारीख, वजन, ताप, रक्ताचा रिपोर्ट, दिलेले औषध, त्यानंतर झालेला त्रास आणि पुढच्या भेटीची तारीख, एवढेच त्यात लिहायचे. आईला लिहिता येत नसेल, तर मोठी बहीण किंवा शेजारच्या कॉटवरचा तीमारदार लिहून देतो. एखाद्या औषधाने अंगावर पुरळ आले होते, हे सहा महिन्यांनी नव्या डॉक्टरांना जाडजूड फाइलमध्ये शोधावे लागते, वहीत ते पटकन सापडते.

डॉक्टरांना विचारायचे मुख्य प्रश्न चारच असतात. आजाराचे नेमके नाव काय आणि तो कितपत पसरला आहे? आज दिले जाणारे औषध कोणते आणि ते कशासाठी? घरी गेल्यावर काय झाले तर लगेच यायचे? आणि पुढचा टप्पा केव्हा? उत्तर समजले नाही, तर ‘मला समजले ते सांगते, बरोबर आहे का बघा’ असे म्हणून आपल्या शब्दांत परत सांगावे. त्यात कुणाचा अपमान होत नाही आणि चूक असेल तर तिथल्या तिथे सापडते.

गोळ्यांबाबत तर हे फारच महत्त्वाचे. या आजाराच्या शेवटच्या लांब टप्प्यात मर्कॅप्टोप्युरीन रोज घ्यायचे असते, तर मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली गेली, तर ती जिवावर बेतू शकते. कधी अर्धी गोळी, कधी पाऊण, असा मर्कॅप्टोप्युरीनचा हिशेबही दर भेटीला बदलू शकतो. चिठ्ठीवरचे आकडे औषधाच्या दुकानात नव्हे, डॉक्टरांसमोरच समजून घ्यावेत आणि मेथोट्रेक्सेटचा वार ठरवून वहीत मोठ्या अक्षरांत लिहावा.

ताप आला की थांबायचे नाही

केमोथेरपीने कर्करोगाच्या पेशींबरोबर शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशीही घटतात. अशा वेळी आलेला ताप हा साधा ताप नसतो. काही तासांत तो रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याची खूण ठरू शकतो. मूल तातडीच्या विभागात पोहोचल्यावर तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे, असा वैद्यकशास्त्राचा दंडक आहे.

मात्र तातडीच्या विभागात अपघाताचे रुग्ण असतात, हृदयविकाराचे असतात. तापाने मलूल झालेले मूल त्या गर्दीत तितके गंभीर दिसत नाही. इथे आईवडिलांनी भिडस्तपणा बाजूला ठेवून पहिल्याच वाक्यात सांगायला हवे, ‘मुलाला केमोथेरपी चालू आहे, शेवटची या तारखेला झाली आणि आता ताप आहे.’ सोबत फाइल पुढे करावी. गाव लांब असेल, तर जवळच्या कोणत्या रुग्णालयात जायचे आणि तिथे दाखवायला चिठ्ठी हवी का, हे सुट्टी मिळतानाच विचारून ठेवावे. डॉक्टरांना न विचारता तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. त्याने ताप झाकला जातो, संसर्ग नव्हे.

विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे

‘जास्त विचारले तर डॉक्टर रागावतील, मुलाकडे दुर्लक्ष करतील’, ही भीती गरीब माणसाच्या मनात खोल रुजलेली असते. ती अगदीच निराधार आहे असे कोण म्हणेल? शेकडो रुग्ण तपासणारा डॉक्टरही माणूसच, तोही कधी कावतो. पण माहिती मिळणे ही मेहेरबानी नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत आजाराची माहिती, उपचारांपूर्वीची संमती, कागदपत्रांच्या प्रती आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे या गोष्टी हक्क म्हणून नोंदवल्या आहेत. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात.

हक्क असला तरी तो वापरण्याची रीत असते. राउंडच्या घाईत लांबलचक गाऱ्हाणे मांडण्यापेक्षा प्रश्न आधी लिहून ठेवून ‘दोन गोष्टी विचारायच्या आहेत, केव्हा येऊ?’ असे म्हटले, तर बहुधा वेळ मिळतो. तक्रार असेल तर ती माणसाविरुद्ध नव्हे, घटनेबद्दल करावी. ‘तुम्ही लक्षच देत नाही’ याऐवजी ‘सकाळपासून चार उलट्या झाल्या, लघवी झालेली नाही’ असे सांगितले, की डॉक्टर कॉटपाशी येतात. पुष्कळ घरांत फाइल वडिलांच्या हाती असते आणि मुलाची खबर आईला असते. अशा वेळी बोलताना आईलाही पुढे करावे.

आणि मुलाच्या वेदनेबद्दलही बोलावे. पाठीच्या मणक्यात सुई घालताना किंवा हाडातला मगज काढताना भूल किंवा गुंगीची सोय आहे का, हे विचारणे म्हणजे मुलाचे फाजील लाड नव्हेत. दोन-तीन वर्षे ज्याला सुया टोचून घ्यायच्या आहेत, त्याची पहिल्याच सुईला दहशत बसली तर पुढचा प्रत्येक दिवस कठीण होतो.

घरच्यांसमोरही बाजू मांडावी लागते

सर्वांत अवघड वकिली डॉक्टरांपुढे नसते, ती घरच्या ओसरीवर करावी लागते. पहिल्या महिन्या-दीड महिन्याच्या उपचारांनंतर बहुतेक मुलांच्या रक्तात कर्करोगाच्या पेशी दिसेनाशा होतात. मूल खाऊ-खेळू लागते. मग आजी म्हणते, ‘बरा झाला की, आता कशाला हाल करता?’ दरम्यान शेत गहाण पडलेले असते, बापाची मजुरी बुडालेली असते, धाकटी भावंडे नातेवाइकांकडे असतात. कुणीतरी एखाद्या बाबाची जडीबुटी सुचवते. आणि पुढच्या तारखेला ते मूल लखनौला येत नाही.

डोळ्यांना दिसले नाही म्हणून रोग गेलेला नसतो. लपलेल्या पेशी मारण्यासाठीच पुढचे टप्पे असतात. अमेरिकेत डॉ. स्मिता भाटिया यांच्या पथकाने केलेल्या अभ्यासात, देखभालीच्या टप्प्यात ९५ टक्क्यांहून कमी गोळ्या घेतलेल्या मुलांत आजार उलटण्याचा धोका वाढल्याचे आढळले. म्हणजे महिन्यातून दोन दिवस गोळी राहिली, तरी ती गोष्ट क्षुल्लक नाही. डोळ्याच्या पडद्याच्या कर्करोगात जीव वाचवण्यासाठी कधी डोळा काढावा लागतो. ते ऐकून मुलाला घेऊन निघून गेलेली आणि रोग मेंदूकडे पसरल्यावर परतलेली कुटुंबे डॉक्टरांना पाहावी लागतात.

मुलींच्या बाबतीत हे दुखणे आणखी खोल आहे. उत्तर भारतातल्या रुग्णालयांच्या नोंदींत कर्करोगग्रस्त मुलींची संख्या मुलांपेक्षा बरीच कमी दिसते. हा फरक निव्वळ निसर्गाचा नाही. मुलीवर एवढा खर्च कशाला, हा न बोललेला विचार त्यामागे असतो. तिच्या वतीने घरात आवाज उठवणारे कुणी नसेल, तर तिचे नाव रुग्णालयाच्या वहीत चढतच नाही.

मदत मागण्यात कमीपणा कसला?

उपचार सोडण्याचे मोठे कारण पैसा. म्हणून समाजसेवकांच्या, म्हणजे मेडिकल सोशल वर्करच्या, खोलीचा पत्ता पहिल्याच दिवशी विचारून घ्यावा. २०१८ पासून सुरू असलेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. उत्तर प्रदेशात मुख्यमंत्र्यांच्या विवेकाधीन कोशातून आणि देशभर पंतप्रधान साहाय्यता निधीतून मदत मिळू शकते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. विहित नमुन्यातला दाखला असेल, तर रेल्वे कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठीच्या प्रवासात स्लीपर व थ्री टियर एसीचे भाडे पूर्ण माफ करते आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत देते.

स्वतः कर्करोगातून बऱ्या झालेल्या पूनम बगई यांनी २००४ मध्ये सुरू केलेली ‘कॅनकिड्स’ ही संस्था लखनौसह देशातल्या अनेक शहरांत मुलांच्या कुटुंबांना आधार देते. ज्यांची मुले बरी झाली असे पालक तिथे नव्या पालकांना भेटतात. मुंबईत टाटा रुग्णालयात येणाऱ्यांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा वर्षानुवर्षे आसरा देत आली आहे आणि २००६ मध्ये सुरू झालेली सेंट ज्यूड केंद्रे मुलांना कुटुंबासह विनामूल्य ठेवून घेतात. परळच्या पदपथावर पथारी टाकलेली उत्तर प्रदेशची कुटुंबे मुंबईकरांना नवी नाहीत. आता वाराणसीतही टाटा संस्थेची रुग्णालये उभी असल्याने काहींची तरी ही पायपीट वाचू लागली आहे.

या सगळ्या धडपडीला फळ येते. याच टाटा रुग्णालयात १९८० च्या दशकात डॉ. सुरेश अडवाणी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी तज्ज्ञांच्या मदतीने ठरवलेली एमसीपी ८४१ ही उपचारपद्धती वापरायला सुरुवात केली आणि ल्युकेमियातून वाचणाऱ्या मुलांचे प्रमाण झपाट्याने वाढले. पाचांतले एखादे मूल वाचे, तिथे निम्म्याहून अधिक वाचू लागली. ठरलेले औषध ठरल्या दिवशी, शेवटपर्यंत, हेच त्यातले मर्म. ते पाळायला डॉक्टर लागतात, तसेच तारीख न चुकवणारे आईबापही लागतात.

मुलाचे म्हणणेही ऐका

आईवडील मुलाच्या वतीने बोलतात, पण मुलालाही बोलायचे असते. ‘काही नाही, साधा ताप आहे’ असे म्हणत त्याला वर्षभर फसवता येत नाही. शेजारचे मूल त्याला सगळे सांगते. वयाला समजेल इतके खरे सांगावे. रक्तात खराब पेशी झाल्या आहेत, औषध त्यांना मारते, केस जातील पण परत येतील. सुई टोचणार असेल तर ‘दुखणार नाही’ असे म्हणू नये. ‘थोडे दुखेल, मी हात धरून बसते’ असे म्हणावे. ‘ऐकले नाहीस तर डॉक्टर इंजेक्शन देतील’ ही धमकी तर कधीच देऊ नये. शाळेचे पुस्तक जवळ ठेवावे. अभ्यास आहे, म्हणजे पुढे शाळेत जायचे आहे, एवढे मुलाला बरोबर कळते.

उपचार संपले, की डॉक्टरांकडून सारांश लिहून घ्यावा. कोणती औषधे, एकूण किती दिली, किरणोपचार झाले का, पुढे कोणत्या तपासण्या करत राहायच्या. काही औषधांचे परिणाम हृदयावर किंवा वाढीवर वर्षांनंतर दिसू शकतात. म्हणून तो कागद आणि कोपरे दुमडलेली ती वही जपून ठेवावी. मूल अठरा वर्षांचे झाले, की दोन्ही त्याच्या स्वाधीन करावीत. त्यापुढे डॉक्टरांसमोर ते स्वतःच बोलेल.